रोजच्या हिशेबाचे सभागृह

सकाळचे अकरा वाजतात तेव्हा काळेवाडीतून कामाला गेलेल्यांची पहिली पाळी अर्ध्यावर आलेली असते. पवनेवरच्या पुलावरची गर्दी ओसरलेली असते आणि तापकीर चौकातली दुकाने नुकती उघडलेली असतात. त्याच वेळी, अधिवेशन चालू असेल तर, दिल्लीत लोकसभा भरते. मार्शल अध्यक्षांच्या आगमनाची ललकारी देतात, सदस्य उभे राहतात, अध्यक्ष नमस्कार करून आसनावर बसतात. एखादे आजी-माजी सदस्य निवर्तले असतील तर आधी त्यांचे स्मरण होते. मग अध्यक्ष दिवसाचा पहिला प्रश्न पुकारतात.

या स्मरणिकेत काळेवाडीच्या जडणघडणीवर इतरांनी लिहिले आहे. माझ्याकडे आलेला विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्याच घरचा आहे. ज्या संस्थेत आपण दर पाच वर्षांनी एक माणूस पाठवतो, ती रोज नेमके काय करते, ही रीत कोणी घडवली आणि तिच्यात मराठी माणसांचा हात किती, हे मला सांगायचे आहे. भाषणे आणि गोंधळ दूरचित्रवाणीवर दिसतात. पण रोजचे कामकाज, म्हणजे प्रश्न, पटलावर येणारे कागद, आश्वासनांची नोंद, मतविभागणीची घंटा, हे क्वचितच कोणी समजावून सांगते. संस्था उभी आहे ती मात्र याच कामावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत न घेता आपण संसदीय पद्धत का घेतली, हे सांगताना त्यांनी एक भेद दाखवला. सरकारकडून हिशेब दोन प्रकारे घेतला जातो. एक ठरावीक काळाने, मतदार निवडणुकीत घेतात तो. दुसरा रोजचा, सभागृहातले सदस्य प्रश्नांतून, ठरावांतून, स्थगन आणि अविश्वास प्रस्तावांतून, चर्चांतून घेतात तो. स्थैर्य थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण रोजचा हिशेब हवा, हा त्या निवडीचा अर्थ होता. लोकसभेच्या दिवसाकडे मी याच नजरेने पाहतो.

हा रोजचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला तुकड्यातुकड्याने मिळाला. १८९२ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या विधान परिषदेतल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजी पहिला प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते भिंग्याचे महाराज. प्रश्न कशाबद्दल होता? सरकारी अधिकारी दौऱ्यावर आले की त्यांच्या छावणीला माल पुरवताना गावातल्या दुकानदारांची जी ओढाताण होते, तिच्याबद्दल. आपल्या संसदीय इतिहासातला पहिला प्रश्न असा किराणा दुकानदाराचा आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत कितीतरी मोठे विषय आले, पण प्रश्नोत्तराच्या तासाची खरी प्रकृती मला त्या पहिल्या प्रश्नातच दिसते. साध्या माणसाची अडचण, आणि तिचे उत्तर द्यायला उभे राहणारे सरकार.

पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले त्या परिषदेत पोहोचले तेव्हा अंदाजपत्रकावर बोलता येत होते, मत देता येत नव्हते. तरी १९०२ च्या त्यांच्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणाने सरकारचे शिलकीचे आकडे उलगडून दाखवले. तिजोरीत शिल्लक आहे याचा अर्थ रयत सुखी आहे असा होत नाही, कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे असा होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडले. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे खासगी विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. हरणार हे ठाऊक असतानाही विधेयक मांडायचे, चर्चा घडवायची आणि कागदावर नोंद ठेवायची, ही शिस्त त्यांनी घालून दिली. परिषदेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. हा धागा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा येतो.

१९२१ मध्ये केंद्रीय विधानसभा आली. तिचे पहिले अध्यक्ष, सर फ्रेडरिक व्हाइट, सरकारने नेमलेले होते. १९२५ मध्ये सदस्यांनी स्वतः अध्यक्ष निवडला आणि विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ मतांनी आसनावर बसले. तेही मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषवून आलेले. सभागृहाचे कार्यालय सरकारी खात्याच्या हाताखाली असेल तर अध्यक्षाला स्वातंत्र्य नाही, हे त्यांनी ओळखले आणि झगडून १९२९ च्या जानेवारीत सभागृहाचे वेगळे सचिवालय उभे केले. ज्या खात्याला प्रश्न विचारायचा त्याच्याच कारकुनाकडे प्रश्नाचा कागद जाऊ नये, एवढी ती साधी गोष्ट. पण तिच्यावाचून पुढचे काहीच झाले नसते.

आता दादासाहेब मावळंकरांकडे येतो, आणि इथे थोडा थांबतो. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचे. जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. वकिली अहमदाबादेत. तिथल्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते आणि १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले. समोर सरकारचा पाठिंबा असलेले सर कावसजी जहांगीर होते. निकाल लागला ६६ विरुद्ध ६३. तीन मतांनी आलेला हा माणूस पुढे दहा वर्षे, मृत्यूपर्यंत, आसनावर राहिला.

पहिली निवडून आलेली लोकसभा १३ मे १९५२ रोजी भरली. १५ मे रोजी अध्यक्षाची निवड होती. काँग्रेसचे बहुमत इतके मोठे की निकालाबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी विरोधकांनी उमेदवार दिला, सोलापुराहून निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे. मावळंकरांच्या बाजूने ३९४ मते पडली, विरोधात ५५. स्वतंत्र भारताच्या लोकसभेची पहिली लढत दोन मराठी माणसांत झाली, याचा अभिमान वाटतोच. पण त्याहून मोलाचे वाटते ते हे की विरोधकांनी पहिल्या दिवसापासून मतदान घ्यायला लावले. निवड गृहीत धरू दिली नाही.

मावळंकरांनी जे उभे केले ते वाचायला कोरडे आहे आणि वापरायला जिवंत. १४ जुलै १९५२ रोजी कामकाज सल्लागार समिती नेमली. कोणत्या विषयाला किती तास, हे सरकारने एकट्याने न ठरवता सर्व पक्षांनी बसून ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा. तातडीच्या विषयावर अल्पकालीन चर्चा. १९५४ पासून लक्षवेधी सूचना. महाराष्ट्राच्या विधिमंडळामुळे हे शब्द आपल्या कानाला सरावाचे झाले आहेत. त्याच वर्षी, १४ मे १९५४ रोजी, सभागृहाने ‘लोकसभा’ हे नाव घेतले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम आहे ते १ डिसेंबर १९५३ चे, सरकारी आश्वासनांविषयीच्या समितीचे. मंत्री उठून म्हणतात, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे,’ किंवा ‘या बाबीचा विचार करू.’ सभागृह पुढच्या विषयाकडे वळते. पूर्वी ते शब्द तिथेच विरून जात. ही समिती आल्यापासून असा प्रत्येक शब्द टिपून घेतला जातो, ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि साधारण तीन महिन्यांत पुरे करायचे असते. नाही झाले तर खात्याला मुदत वाढवून मागावी लागते, कारण द्यावे लागते, अधिकाऱ्यांना समितीपुढे साक्षीला यावे लागते. कारखान्यात मालकाने बोलणी करताना दिलेला शब्द कागदावर आणायला कामगार संघटनेला किती खटाटोप करावा लागतो, हे आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मावळंकरांनी सरकारच्या तोंडी शब्दाला नोंदवही लावली.

ते काँग्रेसचे होते, पण सरकारला अवघड वाटेल असे बोलायला कचरत नव्हते. वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला मारक आहे, हे त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळवले. आणि त्यांच्यावरही प्रसंग आला. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव सभागृहात चर्चेला आला. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार आसनावर होते. नेहरूंनी आपल्या सदस्यांना सांगितले की या विषयावर पक्षाचा व्हिप कोणावरही बंधनकारक मानू नका. प्रस्ताव फेटाळला गेला. पण अध्यक्षालाही जाब विचारता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत दादासाहेबांचे निधन झाले. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले ते यथार्थ आहे.

तर आता त्यांनी घालून दिलेला दिवस पाहू.

पहिला तास प्रश्नांचा. सदस्याने किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यायची. तोंडी उत्तर हवे असेल तर प्रश्नावर तारा, म्हणून तारांकित. लेखी चालणार असेल तर अतारांकित. दिवसाला तारांकित २०, अतारांकित २३०. सूचना त्याहून खूप जास्त येतात, म्हणून सोडत काढतात. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नको, त्यात तर्कवितर्क नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणे नकोत. प्रश्न नेमका हवा. ज्यांना अर्ज लिहिण्याची सवय आहे त्यांना यातली मेहनत कळेल, कारण विशेषण काढून टाकले की फक्त वस्तुस्थिती उरते, आणि वस्तुस्थितीला उत्तर टाळता येत नाही. लेखी उत्तर आधीच पटलावर आलेले असते. खरी परीक्षा उपप्रश्नांची. प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. वीसपैकी पाच-सहा प्रश्नांनाच तोंडी उत्तराची वेळ येते. बाकीच्यांची उत्तरे छापील नोंदीत जातात.

एका प्रश्नाने काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारले गेले की आयुर्विमा महामंडळाने विशिष्ट उद्योगसमूहाच्या कंपन्यांचे समभाग विकत घेतले आहेत काय. उत्तर गुळमुळीत आले. डिसेंबरात फिरोज गांधींनी तो विषय चर्चेला आणला आणि कागदांच्या आधारे दाखवले की हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत जवळजवळ सव्वा कोटी रुपये गुंतवले गेले होते. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकायला लोकांची इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. विमाधारकांच्या पैशाचा हिशेब एका साध्या प्रश्नातून सुरू होऊन पाच महिन्यांत इथवर पोहोचला.

प्रश्नाला इतकी किंमत आहे म्हणूनच तो विकणे हा मोठा गुन्हा ठरतो. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतल्या सराफा संघटनेचे काम पैसे घेऊन केल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना सदस्यत्व सोडावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये याच कारणासाठी लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याला काढून टाकण्यात आले. सभागृह स्वतःच्या माणसांशी कठोर वागले, हे योग्यच झाले.

बाराच्या ठोक्याला प्रश्न संपतात आणि कागद पटलावर ठेवले जातात. बघणाऱ्याला हे पाच मिनिटांचे यांत्रिक काम वाटते. मंत्री उभा राहतो, एक वाक्य बोलतो, बसतो. पण महालेखापरीक्षकांचे अहवाल याच वेळी उघड होतात. सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि हिशेबही इथेच यावे लागतात. १९५४ साली पिंपरीत उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आहे. जिच्या जोरावर आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल पेटली, तिचा ताळेबंद कायद्याने दोन्ही सभागृहांच्या पटलावर जातो. कागद वेळेवर आले की नाही हे पाहायला १९७५ पासून एक स्वतंत्र समितीही आहे.

त्यानंतर शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हे नाव सापडणार नाही. साठच्या दशकात ही रीत आपोआप रुळली : कामकाज पत्रिकेवर नसलेला, पण थांबू न शकणारा विषय मांडायचा. अशा विषयांसाठी नियमांतलीही एक वाट आहे : नियम ३७७ खाली ज्यांना संधी मिळते ते आपला मुद्दा लिहून देतात किंवा वाचतात, आणि संबंधित मंत्र्याकडून लेखी उत्तर येते. आपल्या पट्ट्यातला देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या ‘रेडझोन’चा प्रश्न असाच वारंवार लोकसभेत गेला आहे. कोठाराच्या हद्दीपासून दोन हजार यार्डांत बांधकामाला बंदी, आणि त्या पट्ट्यात निगडी, यमुनानगर, तळवडे, रुपीनगर भागातली घरे. संरक्षण खाते दिल्लीचे. महापालिका त्यावर ठराव करू शकते, निर्णय घेऊ शकत नाही. तो हिशेब लोकसभेतच मागावा लागतो.

दुपारनंतर विधेयके, अंदाजपत्रकी मागण्या, चर्चा. मागण्यांवर कपात सूचना असते. धोरणच मान्य नसेल तर मागणी कापून एक रुपयावर आणावी, अशी सूचना मांडायची. सभागृह भरलेले राहावे म्हणून गणसंख्या एकदशांश ठरलेली आहे, म्हणजे ५४३ पैकी किमान ५५. तेवढे नसले की घंटा वाजते. दुसरी घंटा मतविभागणीची. आवाजी मतदानाचा कौल मान्य नसेल तर सदस्य मतविभागणी मागतात. लॉबी मोकळ्या करतात, साडेतीन मिनिटे घंटा वाजत राहते, मग दारे बंद. हिरवे बटण होय, लाल नाही, पिवळे तटस्थ. १७ एप्रिल १९९९ रोजी हेच झाले आणि फलकावर २६९ विरुद्ध २७० असे आकडे आले. वाजपेयी सरकार एका मताने गेले. साडेतीन मिनिटांत कोण आत पोहोचला आणि कोण नाही, यावर केंद्र सरकार ठरले.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे असतात. आजवर १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले. शेवटचा १९७० मध्ये. हे पाहून कोणी म्हणेल की शुक्रवारची दुपार फुकट जाते. मला तसे वाटत नाही. बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार. मूलभूत हक्कांत बदल करण्याचा अधिकार संसदेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात म्हटले, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेकडे आणला. नाथ पैंच्या विधेयकावरची चर्चा इतकी गाढ झाली होती की पुढच्या मांडणीचा पाया तिथेच पडला. गोखल्यांच्या शिक्षण विधेयकाचेही असेच झाले. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क घटनेत यायला २००२ साल उजाडले.

राजापूरची जागा नंतर मधु दंडवते यांनी पाच वेळा राखली. नियमांची खरी जाण पाहायची असेल तर मात्र मधु लिमये यांच्याकडे पाहावे. जन्म पुण्याचा, निवडून गेले बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून. नियमांचे पुस्तक त्यांना मुखोद्गत होते. हरकतीचा मुद्दा, हक्कभंग, स्थगन प्रस्ताव, ही त्यांची रोजची हत्यारे. त्यांच्या बाकावर हालचाल झाली की मंत्री सावध होत. आणीबाणीत ते तुरुंगात होते. सरकारने लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला हक्क आपणच कसा वाढवून घ्यायचा, असे म्हणून त्यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. नियम पाळणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या आणीबाणीत, १९७५ च्या पावसाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास ठराव करून बंद ठेवला गेला. १९६२ च्या युद्धातही तो थांबला होता. २०२० च्या सप्टेंबरात करोनामुळे तोंडी प्रश्न वगळले गेले, लेखी उत्तरे चालू राहिली. प्रत्येक वेळी कारण वेगळे होते. तरी माझे मत असे की संकटात सगळ्यात आधी प्रश्न बंद करणे ही चुकीची सवय आहे. संकटातच निर्णय घाईचे होतात आणि हिशेबाची गरज वाढते. दुसरी काळजी दिवसांची. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या २७४, पूर्ण मुदत लाभलेल्या लोकसभांत सर्वांत कमी. पंधराव्या लोकसभेत ठरलेल्या वेळेच्या साठ-एकसष्ट टक्केच काम झाले, बाकीचे गोंधळात गेले. पंधराव्या आणि सतराव्या लोकसभांच्या वेळी सत्तेवर वेगवेगळे पक्ष होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

मावळंकरांनंतर तीन मराठी माणसे त्या आसनावर बसली. लातूरचे शिवराज पाटील, १९९१ ते १९९६. त्यांच्या काळात, १९९३ मध्ये, विभागांशी संलग्न १७ स्थायी समित्या आल्या, आणि खात्यांच्या मागण्या सभागृहात येण्याआधी समितीच्या खोलीत तपासल्या जाऊ लागल्या. डिसेंबर १९९४ पासून प्रश्नोत्तराचा तास दूरचित्रवाणीवर थेट दिसू लागला. दुसरे मनोहर जोशी, रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे. तेव्हाचे अध्यक्ष बालयोगी यांच्या अपघाती निधनानंतर मे २००२ मध्ये ते बिनविरोध निवडले गेले. तिसऱ्या सुमित्राताई महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरहून आठ वेळा निवडून आलेल्या, २०१४ ते २०१९ अध्यक्ष.

आता तो धागा. मावळंकर अहमदाबाद नगरपालिकेतून आले. शिवराज पाटील लातूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. जोशी मुंबईचे महापौर. सुमित्राताई इंदूर महापालिकेत नगरसेविका आणि उपमहापौर. चारही मराठी अध्यक्ष पालिकेच्या सभागृहात घडले, आणि त्यांच्या आधी गोखले आणि विठ्ठलभाईही. विषयपत्रिका कशी वाचायची, इतिवृत्त कायम करताना काय पाहायचे, तहकुबीची सूचना कधी आणायची, दुसऱ्याचे न पटणारे म्हणणे शेवटपर्यंत कसे ऐकायचे, हे सारे ते गटारांच्या आणि नळांच्या चर्चेत शिकले.

म्हणून पिंपरी-चिंचवडकडे वळतो. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. दर महिन्याला सर्वसाधारण सभा भरावी अशी कायद्याची अपेक्षा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि १२८ सदस्यांचे ते सभागृह बंद होऊन सगळे निर्णय प्रशासकाच्या सहीने होऊ लागले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे. या काळात काळेवाडीतला रस्ता खोदला गेला, नळाला पाणी दिवसाआड आले, तर अर्ज करता येत होता, पण सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते. रोजचा हिशेब नसणे म्हणजे काय, हे आपण पुस्तकातून शिकलेलो नाही.

लोकसभेसाठी काळेवाडी मावळ मतदारसंघात येते. २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आलेला हा मतदारसंघ पनवेल, उरण, कर्जत, मावळ, चिंचवड आणि पिंपरी असा खाडीपासून पवनेपर्यंत पसरला आहे. गजानन बाबर आणि त्यांच्यानंतर श्रीरंग बारणे हे येथून निवडून गेले. शेजारच्या शिरूरमध्ये भोसरी आणि चाकण येतात. या पट्ट्यातल्या खासदारांनी लोकसभेत मोठ्या संख्येने प्रश्न विचारले आहेत. कोणत्या पक्षाचा खासदार आहे यापेक्षा, त्याच्या हातात आपण कोणता प्रश्न देतो, हे मला महत्त्वाचे वाटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार, अध्यक्षांच्या परवानगीने तो मराठीतही मांडता येतो.

वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा वर्तमानपत्रात आल्या की रेल्वे, संरक्षण, कामगार भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग यांपैकी जी अडचण आपली असेल ती दीडशे शब्दांच्या आत, विशेषणे गाळून, आकडे आणि तारखांसह लिहावी आणि खासदारांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. सूचना पंधरा दिवस आधी दिल्लीत पोहोचावी लागते, म्हणून कागद महिनाभर आधी द्यावा.